बसलेल्या गाड्यांचे लिंबाजी मिस्त्री

लिंबाजी मिस्त्रींच्या तोंडून ‘मला कळंना’ हे शब्द मी एकदाच ऐकले, आणि त्या दिवशी आमच्या घरात सगळेच घाबरले. एरवी या माणसाला कळत नाही अशी गोष्ट जगात नव्हती. पाऊस कधी उघडणार, कोणाच्या पोरीचं कुठं जमणार, सरकार राहणार की पडणार, सगळं त्यांना ठाऊक असे आणि कोणी विचारायच्या आधी ते सांगूनही टाकत. त्यातलं निम्मं चुकायचं. पण गाडीच्या मागच्या चाकांवर जे काही असतं त्याबद्दल ते बोलले की सहसा चुकत नसत, म्हणून बाकीचंही लोक ऐकून घेत.

वारंगा फाट्यावर रस्त्याच्या कडेला त्यांची पत्र्याची शेड होती. नागपूर-हैदराबाद ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हर लोकांना ती पेट्रोल पंपाइतकीच ओळखीची. या मोठ्या बसगाड्यांना मागं लोखंडी पाट्यांऐवजी रबराचे जाड फुगे असतात. त्यांत दाबून हवा भरलेली असते आणि माणसांनी भरलेली अख्खी बस त्या हवेवर उभी राहते. फुगा फाटला, नळी सुटली, नाहीतर हवा अडवणारा व्हॉल्व्ह बिघडला, की बस मागून खाली बसते आणि प्रवासी ड्रायव्हरच्या खानदानाची चौकशी सुरू करतात. अशा बसलेल्या गाड्या उठवणं हा लिंबाजींचा धंदा. तरुणपणी ते हैदराबादला एका गॅरेजात होते. तिथून हे कसब घेऊन आले, सोबत तिथल्या दखनीतलं ‘हौ’ आणि ‘नक्को’ घेऊन आले. बाकी घर धनगराचं. दारात शेळ्या, आणि भाऊ मेंढरं घेऊन रानोमाळ.

अंगानं माणूस ताडमाड. बसखाली आडवे झाले की गुडघ्यापासून पुढचे पाय बाहेर राहायचे आणि आतून बोलणं चालूच असायचं. आलेल्याला त्या पायांशीच बोलावं लागे. दुसऱ्या मिस्त्रीनं केलेलं काम पाहिलं की त्यांचं डोकं फिरायचं. ‘हे कोणी बसवलं? त्याला घेऊन या, मला त्याचं तोंड पाहायचंय,’ असं ते गिऱ्हाइकालाच दरडावून विचारायचे. एकदा एका ड्रायव्हरनं ‘मिस्त्री, तुम्हीच बसवलं होतं की’ असं सांगितलं, तर म्हणाले, ‘मग बराबरच असंल. तुमी गाडी नीट चालवत न्हाई.’

त्यांचं एक पेटंट वाक्य होतं, ‘आधी दम, मग वजन.’ नवा फुगा बसवला की गाडी जॅकवरून उतरवायच्या आधी त्यात हवा भरून घ्यावी लागते. रिकाम्या फुग्यावर वजन टेकलं की रबर चिमटतं आणि त्या घडीवरच फाटतं. घाईत हे कोणीही विसरतं. लिंबाजी हे कलम साऱ्या दुनियेला लावायचे. त्यांच्या गल्लीत एका घरी नवी सून आली आणि दुसऱ्याच दिवशी तिच्यापुढं घरभराच्या भाकरीचं पीठ ठेवलं, तर हे तिच्या सासूला जाऊन सांगून आले, ‘लेकराला आधी दोन दिस बसू द्या, घर वळखू द्या. आधी दम, मग वजन.’ ती सासू पुढं कितीतरी दिवस त्यांना पाहून तोंड फिरवायची. मी हिंगोलीला कॉलेजात शिकवायला लागले आणि पहिल्याच महिन्यात परीक्षा, स्नेहसंमेलन, सहल असं सगळं माझ्या गळ्यात पडलं, तेव्हा मलाही त्यांनी हेच ऐकवलं. ‘ताई, परिन्सिपल सायबाला सांगा.’ मी काही सांगितलं नाही. पण असं कोणीतरी म्हटल्यानं बरं वाटलं होतं.

त्यांची खरी तऱ्हा मात्र काम संपल्यावर दिसायची. ते स्वतः गाडी चालवून बघत नसत आणि ड्रायव्हरलाही विचारत नसत. ‘म्होरं बसणाऱ्याला काय कळतंय? त्याला खड्डा आधीच दिसतो, त्याचं अंग तयार असतं. ज्याला दिसत न्हाई त्याला इचारा.’ ज्याला दिसत नाही ती व्यक्ती म्हणजे त्यांची बायको, गयाबाई. निरोप गेला की ती डोक्यावर पदर घेऊन यायची, बसमध्ये चढायची आणि पार मागच्या बाकाच्या कोपऱ्यात, मागच्या चाकांच्याही मागं, मांडीवर हात ठेवून बसायची. खिडकीबाहेर बघायची नाही. ड्रायव्हर नांदेडच्या अंगाला थोडं जाऊन परत यायचा. मग गयाबाई उतरायची आणि ‘सोडा’ म्हणायची, नाहीतर ‘न्हाई’.

एकदा हैदराबादला निघालेली भरलेली बस तिच्यासाठी खोळंबली होती. गयाबाई शेळ्या पिळत होती आणि अर्धी पिळलेली शेळी सोडून यायला तयार नव्हती. आली, बसली, फिरून आली आणि म्हणाली, ‘न्हाई. डाव्या अंगानं कोणी ढकलल्यावानी होतंय.’ प्रवासी आधीच कावलेले. लिंबाजींचा पारा चढला.

‘तुला काय कळतंय त्यातलं?’

‘मग मला काहून बसवलं?’ असं म्हणून ती सरळ घराकडं चालू लागली.

लिंबाजी बसखाली शिरले. पुटपुटणं आतून ऐकू येत होतं, मग ते थांबलं. डाव्या फुग्याची उंची धरणारा दांडा नटात ढिला राहिला होता. त्यांनी तो आवळला, बाहेर आले आणि बायकोला बोलवायला स्वतः घरी गेले, कारण तिच्या ‘सोडा’शिवाय ती बस फाट्यावरून हलणार नव्हती. तोवर प्रवाशांचा राग उतरून त्यांना त्यात मजा वाटायला लागली होती. गयाबाई आली तेव्हा दोघा-तिघांनी उठून तिला जागा दिली.

आता आमच्या गाडीचं सांगते. आखाडा बाळापूरला माझ्या वडिलांची, अण्णांची, हळदीची अडत आहे. एका वर्षी हळदीनं चांगलं दिलं आणि अण्णांनी हैदराबादहून एक जुनी परदेशी काळी गाडी आणली. शर्यतीच्या ताकदीचं इंजिन, बसायला खाली टेकलेली, मागं हवेवर चालणारी. अण्णांनी ती कधी बैलगाडीपेक्षा फारशी जोरात चालवली नाही. त्यांना आवडलं होतं एकच. गाडी सुरू केली की ती मागून हळूच उठायची, पाहुणा आला की घरचा माणूस उठतो तशी. ‘बघ, मान देती,’ असं ते मला प्रत्येक वेळी सांगायचे. आणि अशा गाडीच्या डिकीत ते हळकुंडांची पोती भरून हिंडायचे. मी हटकलं तर म्हणायचे, ‘डिकी काय पूजेला हाय?’

वर्षभरात गाडी बसायला लागली. रात्री नीट उभी असलेली गाडी सकाळी मागून खाली आणि नाक वर, दारात कुत्रं बसावं तशी. शहरातल्या एका गॅरेजनं एक फुगा बदलून दिला. गाडी जॅकवरून उतरवताना त्यांनी नेमकी तीच घाई केली, आणि नवा फुगा घडीवर फाटला. मग अण्णा लिंबाजींकडे गेले. लिंबाजींनी बस सोडून असल्या गाडीला तोवर हात लावलेला नव्हता, पण हे ते कबूल करणार कसे? पहिल्या दिवशी ते नुसते गाडीखाली पडून राहिले. कशालाही हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी म्हणाले, ‘दोन्ही फुगे बदलायचे. एक म्हातारा आन् एक तरणा बैल एका जुवाला लावत न्हाईत.’ हैदराबादहून जोडी मागवली. आधी आतली हवा सोडली, नळ्या उतरवल्या, जुने काढले, नवे बसवले, दम भरला, मगच चाकं जमिनीला टेकवली. गयाबाई मागं बसून आली आणि ‘सोडा’ म्हणाली. अण्णांना गाडीनं पुन्हा मान द्यायला सुरुवात केली.

त्याच दिवसांत आई पडली. अंगणात शिजवलेली हळद वाळत घातली होती, तिच्यावरून पाय घसरला. पाठीचा मणका मोडला. अँब्युलन्सनं तिला नांदेडला नेलं. मी तिच्याजवळ बसले होते. प्रत्येक गतिरोधकावर ती अशी ओरडायची की ड्रायव्हरनं शेवटी मागं बघणंच सोडलं. तिथल्या डॉक्टरांनी फोटो पाहून सांगितलं की मोडलेलं हाड शिरेवर दाबतंय, हैदराबादला ऑपरेशन करून घ्या आणि लवकर करा, नाहीतर पाय जातील. तिला घरी आणलं, तेव्हाही तोच रस्ता आणि त्याच किंकाळ्या. खाटेवर ठेवल्यावर आई म्हणाली, ‘आता मला कुटंच नेऊ नका. पाय जायचे ते जाऊ द्या.’

आम्ही तिला हरतऱ्हेनं समजावलं. रागावलो, रडलो. शेवटी अण्णा म्हणाले की आपल्या गाडीत नेऊ, ती हवेवर चालते. आईनं डोळे मिटले आणि ‘बघू’ म्हणाली. आमच्या घरात आईचं ‘बघू’ म्हणजे जवळजवळ होकार. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी मागून बसलेली.

लिंबाजी आले. दोन्ही फुग्यांवर साबणाचं पाणी मारून पाहिलं. हवा निसटत असली की तिथं बुडबुडे येतात. एकही आला नाही. फुगे ठणठणीत होते आणि गाडी बसलेली होती. ते किती तरी वेळ चाकाजवळ उकिडवे बसून राहिले, आणि तेव्हाच त्यांनी ते शब्द काढले. ‘अण्णा, मला कळंना.’ अण्णा तिथंच ओट्यावर टेकले.

मग लिंबाजींनी हात धुतले आणि आईला भेटायला आत आले. खाटेशेजारी पाट घेऊन बसले. मला वाटलं, चार धीराच्या गोष्टी सांगतील. त्यांनी विचारलं, ‘वयनी, त्या अँब्युलन्समदी तुमाला कळ कव्हा यायची? चाक खड्ड्यात पडताना, का वर येताना?’

आईनं त्यांच्याकडे पाहिलं. इतक्या डॉक्टरांत तिला हे कोणी विचारलं नव्हतं.

‘पडताना न्हाई,’ ती म्हणाली. ‘वर येताना. कोणीतरी खालून लाथ घातल्यावानी.’

‘बराबर. मला एवढंच पाहिजे होतं.’ आणि ते उठले. दारात मात्र थांबून म्हणाले, ‘तुमाला नेल्याबिगर मी ऱ्हात न्हाई.’ बाहेर गाडी बसलेली आणि कारण अजून सापडलेलं नव्हतं. तरीही त्या वाक्यानं मला पहिल्यांदा वाटलं की आई जाईल. त्या एका वाक्यासाठी मी आजही त्यांची ऋणी आहे.

कशीबशी हवा भरून गाडी फाट्यावर नेली. लिंबाजींनी डिकी रिकामी केली, तळाची फळी उचलली. खाली हवा भरणारा पंप आणि हवेच्या वाटा उघडझाप करणाऱ्या व्हॉल्व्हचा लहानसा डबा होता. त्यावर त्यांनी साबणाचं पाणी मारलं. फेस आला, आणि तो लालभडक होता.

आमच्याकडे कोणाला याचं नवल वाटायचं कारण नाही. हळदीच्या कपड्याला साबण लागला की तो लाल होतो, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. अण्णा म्हणालेच, ‘सांडली असंल जराशी.’ लिंबाजींनी डबा फडक्यानं लख्ख पुसला आणि पुन्हा पाणी मारलं. पुन्हा एका सांध्यातून लाल बुडबुडा फुगत आला आणि फुटला. लिंबाजींचा चेहरा असा उजळला की मला तो अजून दिसतो.

‘वरून न्हाई सांडली, अण्णा. आतून येऊन राहिली.’

ती गाडी फुग्यांसाठी हवा घेत होती डिकीतून. पंपाची नळी तिथंच उघडी होती, आणि तिथं अण्णांची पोती होती. हळदीची भुकटी हवेबरोबर आत जाऊन गाळणीवर चढली होती, पुढं व्हॉल्व्हच्या तोंडाशी बसली होती. व्हॉल्व्ह घट्ट मिटत नव्हते आणि भरलेली हवा रातोरात परत निघून जात होती. हा घोटाळा हळदीच्या मुलखाबाहेर कोणाला करताच आला नसता.

‘गाडी डिकीतून दम घेती हे मला कोणी सांगितलं?’ अण्णा गुरकावले.

‘नवरदेवाला हळद बाहेरून लावत्यात,’ लिंबाजी म्हणाले. ‘तुमी आतून लावली.’

आई पडल्यापासून अण्णा त्या दिवशी पहिल्यांदा हसले.

डबा खोलून धुतला, गाळणी आणि ओल शोषणारी डबी नवी घातली, हवा घ्यायची नळी डिकीतून काढून दुसरीकडे नेली. मग मागची उंची जुळवायची होती, आणि त्याला सपाट जमीन लागते. लिंबाजींच्या शेडमध्ये जमीन सोडून सगळं होतं. ते गाडी घेऊन सरळ फाट्यावरच्या वजनकाट्यावर चढले, कारण तालुक्यात तेवढी सरळ जागा दुसरी नाही असं त्यांचं मत होतं. मागं उसाचे आणि कापसाचे ट्रक हॉर्न वाजवत उभे राहिले. लिंबाजी टेप लावून चाकाच्या मध्यापासून वरच्या पत्र्याच्या काठापर्यंत दोन्ही बाजू मोजत होते, गाडीला जोडलेल्या स्कॅनरवर ते आकडे देत होते, आणि मधूनच ट्रकवाल्यांना ओरडून सांगत होते, ‘पेशंट हाय, पेशंट.’ ट्रकवाले वाकून वाकून गाडीत पेशंट शोधत होते.

मागच्या सीटवर फळी आणि गादी टाकली. या वेळी गयाबाई बसली नाही, आडवी झाली, आई जशी जाणार होती तशी. फिरून आल्यावर म्हणाली, ‘पडताना मऊ हाय. वर येताना अजून उचलती.’ लिंबाजींनी सस्पेन्शन सगळ्यात मऊ सेटिंगवर ठेवलं, टायरातली हवा थोडी कमी केली, पुन्हा पाठवलं. पुन्हा ‘न्हाई’. त्या दिवशी ते एकदाही तिच्यावर चिडले नाहीत. उन्हं कलल्यावर ती उठून बसली आणि म्हणाली, ‘आता न्या. मी येती संगं.’ आणि शेजारणीला शेळ्यांचं सांगायला निघून गेली.

गाडी मी चालवणार होते, म्हणून लिंबाजींनी मग मला धरलं. नरसीच्या रस्त्यावर माझी शिकवणी झाली. ते मागच्या सीटवर पाय दुमडून आडवे झाले होते, एवढा लांब माणूस, आणि तिथून ओरडत होते. ‘ताई, बिरेक धरताना तकलीफ न्हाई, सोडताना हाय. गाडी थांबायच्या जरासं आधी पाय हलका करा.’ मला जमेना. ‘भाकर उलथताना कसं करता? तसं, अंदाजानं.’ मला भाकरी येत नाही हे मी त्यांना सांगितलं नाही. पण ब्रेक आला. आजही माझ्या गाडीत बसलेली माणसं म्हणतात की तू थांबलीस ते कळलंच नाही. तेव्हा मी मनात त्यांचं नाव घेते.

आम्ही निघालो. मागं आई आडवी, तिच्या कमरेला दोन्ही हातांनी धरून गयाबाई खाली बसलेली. पहिल्या गतिरोधकाला मी ब्रेकवरचा पाय त्यांनी शिकवल्यासारखा हलका केला. गाडी चढली, उतरली. मागून काहीच आवाज आला नाही. पुष्कळ वेळानं आईनं विचारलं, ‘आलं का नांदेड?’ नांदेड केव्हाच मागं पडलं होतं. मला पुढचं दिसेना, म्हणून मी गाडी कडेला घेतली, डोळे पुसले आणि पुन्हा निघाले.

ऑपरेशन झालं. आई महिनाभर तिथंच राहिली, मग कितीतरी दिवस पट्टा बांधून घरी. त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात लिंबाजी गेले, छातीत कळ येऊन, शेडमध्येच. मी तेव्हा परीक्षेच्या कामात होते, निरोप उशिरा मिळाला. म्हणून माझ्या डोळ्यांपुढं ते राहिलेत ते त्याआधीच्या दिवाळीतले.

त्या दिवशी आईला तपासणीसाठी नांदेडला नेत होते. पट्टा नुकताच सुटला होता. फाट्यावर ती म्हणाली, ‘थांब इथं.’ तिच्या पिशवीत टॉवेल-टोपी होती, हे मला ठाऊकच नव्हतं. आपल्याकडे मानाच्या माणसाला करतात तो आहेर. लिंबाजी एका बसखाली होते. आई त्यांच्या पायांशी जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, ‘लिंबाजी, बाहेर या.’

ते सरकत बाहेर आले. तिला उभी पाहून उठले. हात कोपरापर्यंत काळे, म्हणून ते त्यांनी अंगापासून लांब धरले होते. आईनं टॉवेल त्यांच्या खांद्यावर टाकला. मग टोपी काढली. तिच्या पाठीला ताण नको म्हणून लिंबाजी कमरेत खाली झुकायला लागले.

‘वाकू नका,’ आई म्हणाली. ‘पुरतो माझा हात.’

ते सरळ उभे राहिले. आईनं टाचा उचलल्या, दोन्ही हात वर नेले आणि त्यांच्या डोक्यावर टोपी ठेवली.